मुलाला ओसीडी आहे हे कळल्यावर शाळेत काय करायचं, पहिल्यापासून

माझी मुलगी सहावीत असताना तिच्या मराठीच्या वहीला भोकं पडायला लागली. खोडरबराने. एक शब्द लिहायचा, अनुस्वार नीट आला नाही म्हणून खोडायचा, परत लिहायचा, परत खोडायचा, कागद झिजून खालचं पान दिसेपर्यंत. बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलं "टापटीप ठेवावी" आणि घरी आम्हीही तिला तेच ऐकवत राहिलो, जवळजवळ आठ महिने. निदान झालं तेव्हा ती सातवीत होती, आता नववीत आहे. मधल्या काळात शाळेशी काय बोलायचं, कुठला कागद कुठे लागतो हे सांगणारं कुणी भेटलं नाही, सगळं धडपडत शिकलो, म्हणून हे लिहितोय. आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो, शाळा अनुदानित मराठी माध्यमाची, स्टेट बोर्डाची. सीबीएसईवाल्यांसाठी जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलंय.

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, त्याला आपल्याकडे मंत्रचळ हा जुना शब्द आहे, पण तो लोक नुसत्या हात धुण्यासाठी वापरतात आणि तिथेच गडबड होते. यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे नको असलेला विचार, जो मूल बोलावत नाही, तो घुसतो आणि जात नाही. दुसरी म्हणजे ती भीती कमी व्हावी म्हणून केलेली कृती, दिसणारी किंवा मनातल्या मनात. कृती केली की दोन मिनिटं बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी विचार जास्त जोरात येतो. माझ्या मुलीच्या डोक्यात होतं की चुकीचं अक्षर वहीत राहिलं तर आईला काहीतरी होईल. हे तिने आम्हाला सांगायला दीड वर्ष घेतलं. शंभर मुलांत एखाद-दोघांना हा त्रास असतो, म्हणजे तुमच्या शाळेत तुमचं एकटंच मूल आहे असं समजू नका.

१. वर्गात हा त्रास कसा दिसतो ते आधी ओळखा

घरी दिसतो तसाच शाळेत दिसेल असं नाही. बरीच मुलं शाळेत सहा तास जीव मुठीत धरून सगळं दाबून ठेवतात आणि घरी आल्यावर दप्तर टाकता टाकता रडतात, मग शाळा म्हणते आमच्याकडे तर काहीच नाही. दोन्ही खरं असतं.

शिक्षकांना जे दिसतं ते साधारण असं. फळ्यावरचं उतरवून होत नाही, वही कायम अपूर्ण. पेपर सुटतो पण अर्धाच, आणि लिहिलेलं सगळं बरोबर. तासाला चार वेळा "बाई, हे असंच ना?" बाथरूमला वारंवार, आणि गेलं की वीस मिनिटं. डबा न खाता परत. दुसऱ्याच्या पेनला, दरवाज्याच्या कडीला हात न लावणं, कवायतीला शेजारच्याचा हात न धरणं. सकाळी उशीर, कारण घरी बुटाची लेस सात वेळा बांधून झालेली असते. वाचताना एकाच ओळीवर अडकणं. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करणं ही तर आपल्याकडची चांगली सवय, पण माझी मुलगी तो नमस्कार "नीट" होईपर्यंत करायची, कधी पंधरा, कधी वीस वेळा, आणि शिक्षक कौतुकाने म्हणायचे किती संस्कारी मुलगी आहे.

सोवळंओवळं, देवधर्म, टापटीप असलेल्या घरांत म्हणूनच हा त्रास उशिरा लक्षात येतो. फरक कसा ओळखायचा तर सवयीने माणसाला समाधान मिळतं आणि काम पुढे सरकतं. इथे समाधान मिळतच नाही, वेळ जातो, आणि थांबवलं तर मूल घाबरतं किंवा चिडतं.

काही मुलांना दिसणारी कृती काहीच नसते. मनात आकडे मोजणं, देवाची माफी मागत राहणं, मघाशी कुणाला धक्का तर नाही ना लागला हे आठवत बसणं. शिक्षकांना वाटतं लक्ष नाही. मोठ्या मुलांना कधी कुणाला इजा करण्याचे, देवाबद्दल घाणेरडे किंवा लैंगिक विचार येतात आणि ती त्या विचारांनी स्वतःच हादरलेली असतात. हे शाळेच्या समुपदेशकांना नीट समजावून सांगा, कारण ओसीडीतला असा विचार ही इच्छा नसते, त्याच्या उलट असतं, आणि हे माहीत नसलेला माणूस घाबरून भलताच अर्थ काढू शकतो.

दोन आठवडे डायरी ठेवा. तारीख, काय केलं, किती वेळ गेला, त्याआधी काय झालं. वहीच्या पानांचे फोटो काढा. नंतर डॉक्टर आणि शाळा दोघांकडेही हीच डायरी सगळ्यात जास्त उपयोगी पडली. आणि एखाद्या मुलात हे सगळं एकदम एक-दोन दिवसांत उफाळून आलं, विशेषतः घसा दुखून ताप येऊन गेल्यावर, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा, काही मुलांत त्याचा संबंध स्ट्रेप्टोकोकसच्या इन्फेक्शनशी जोडला जातो.

२. शाळेत जायच्या आधी योग्य माणसाकडे जा

तीन वेगवेगळी माणसं असतात आणि पालक तिन्हींना "काउन्सेलर" म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, निदान करतात, गोळ्या देतात, सर्टिफिकेटला त्यांची सही लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, त्यांच्याकडे आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो विचारायला लाजू नका. शाळेचे समुपदेशक वेगळे, ते मुलाला शाळेत आधार देतात, पण ओसीडीची थेरपी त्यांच्या भरवशावर सोडू नका.

फोनवरच विचारा, "तुम्ही ईआरपी करता का?" ईआरपी म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, ओसीडीसाठी सगळ्यात जास्त तपासली गेलेली थेरपी हीच. त्यात मुलाला थोड्या थोड्या भीतीला सामोरं जायला लावतात आणि कृती करू देत नाहीत, म्हणजे चुकीचं अक्षर मुद्दाम लिहायचं आणि न खोडता बसायचं, भीती आपोआप उतरते हे अनुभवायचं. आमचे पहिले चार महिने दीर्घ श्वास आणि "वाईट विचार मनात आणू नकोस" यात गेले. विचार आणू नको म्हटलं की तो दुप्पट येतो. दृष्ट काढणं, गंडेदोरे, उपास हेही आमच्या घरात झालं, आजीच्या मायेने झालं, मला त्याचा राग नाही, पण त्यात जो वेळ गेला तो मुलीने भोगला.

पैशाचा प्रश्न असेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग असतो, आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या ओपीडीत मुलांनाही दाखवता येतं. नावाला घाबरू नका, ओपीडी ही ओपीडीच असते. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये फक्त ओसीडीसाठी वेगळं क्लिनिक आहे, खूप गुंतागुंत असेल तर तिथपर्यंत जाणारी कुटुंबं आहेत. काहीच सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. सुरुवातीला झोप, मळमळ, अस्वस्थपणा असं काही होऊ शकतं, म्हणून शाळेत निदान वर्गशिक्षकांना तरी माहीत हवं. पहिल्या काही आठवड्यांत मूल फार उदास, फार चिडकं वाटलं किंवा जगायचं नाही असं बोललं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, हे आम्ही एका मे महिन्याच्या सुट्टीत केलं आणि जूनमध्ये परत पहिल्यापासून सुरू झालो.

३. कागदपत्रं तयार ठेवा

शाळेसाठी:
- डॉक्टरांचं पत्र, लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबर आणि तारखेसकट. त्यात नुसतं निदान नको, शाळेने नेमकं काय करावं हे आणि पुन्हा आढावा कधी घ्यायचा हे हवं
- थेरपिस्टचं एक पानी पत्र, कुठल्या कृतीला उत्तर द्यायचं नाही वगैरे
- मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज, दोन प्रतींत
- तुमची डायरी आणि वह्यांच्या चार-पाच पानांच्या झेरॉक्स

दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं झालं तर वरच्याशिवाय मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, बोनाफाईड आणि आतापर्यंतचे सगळे केसपेपर. केसपेपर एकही टाकू नका.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, आवक नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसमधून बाहेर पडू नका. आमचा पहिला अर्ज तोंडी "ठेवा, बघतो" म्हणून घेतला गेला आणि सहा आठवड्यांनी असा अर्ज आलाच नाही असं कळलं. भांडण नको होतं, परत दिला, पण परीक्षा निघून गेली होती.

आणि सगळी फाईल शाळेला देऊ नका. मुलाच्या मनातले विचार काय आहेत हे शाळेला कळायची गरज नाही, कृती काय आणि मदत काय एवढं पुरे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. कुणा-कुणाला सांगायचं ते अर्जातच लिहा.

४. शाळेत कुणाशी आणि कसं बोलायचं

पालकसभेच्या दिवशी रांगेत उभं राहून हे बोलू नका. वेगळी वेळ मागा, अर्धा तास, आधी वर्गशिक्षक, मग त्यांच्याबरोबर मुख्याध्यापक. आईवडील दोघंही जा जमलं तर. मी एकटा गेलो तेव्हा "मुलीची आई नाही आली का" हा प्रश्न तीन वेळा आला, आणि ही एकटी गेली तेव्हा "तुम्ही फार लाड करता" हे ऐकून आली. दोघं गेलो तेव्हा कामाचं बोलणं झालं.

सुरुवात तक्रारीने करू नका. साठ मुलांचा वर्ग, वर निवडणुकीची कामं, बाईंना खरंच वेळ नसतो. मी त्यांना वहीचं झिजलेलं पान दाखवलं आणि विचारलं, "बाई, हे लिहायला तिला किती वेळ लागला असेल?" एका परिच्छेदाला पन्नास मिनिटं लागली होती, डायरीत होतं. तिथून पुढे बाई आमच्या बाजूने झाल्या. ओसीडीवरची दहा पानं छापून नेली होती, त्याकडे कुणी बघितलं नाही.

शाळा म्हणेल की आमच्याकडे अशी सोय नाही, किंवा ही मुलं स्पेशल शाळेत घाला. शांतपणे सांगा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे त्यात मानसिक आजारही आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये मुलाला त्याच शाळेत सामावून घेणं, गरजेप्रमाणे सोयी देणं, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक असे बदल करणं लिहिलंय. शिक्षा म्हणून उभं करणं, वर्गासमोर अपमान करणं हे तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुठल्याच मुलाबाबत चालत नाही. पण कायदा पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका. आम्हाला तो एकदाच काढावा लागला, तोही लेखी.

सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांना त्यांना बोलवायला सांगा. यूडायस म्हणजे शाळा सरकारला ऑनलाइन भरून देते त्या माहितीत मुलाची विशेष गरज म्हणून नोंद करता येते, ती पुढे बोर्डाच्या वेळी आधाराला येते.

५. कुठली सवलत मागायची आणि कुठली नाही

या भागावर मी जास्त लिहिणार आहे कारण आमचं सगळ्यात मोठं चुकणं इथे झालं. घाबरलेले पालक शाळेकडे असं सगळं मागतात की मुलाला त्रासच होऊ नये. हवं तेव्हा बाथरूमला जाऊ द्या, विचारेल तितक्या वेळा उत्तर द्या, त्याच्या वस्तूंना कुणी हात लावू नका, वेगळा बाक द्या. आमच्या बाई इतक्या चांगल्या की त्यांनी हे सगळं मनापासून केलं. एका तासाला वीस-वीस वेळा "हो बाळा, बरोबर आहे" म्हणायच्या. तीन महिन्यांत मुलगी त्या "हो" शिवाय पुढची ओळ लिहीना. थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, सवलत मुलीला द्या, आजाराला देऊ नका. तेव्हापासून कुठलीही सोय मागण्याआधी आम्ही स्वतःला विचारतो, यामुळे ती शिकण्याकडे सरकणार आहे का कृतीकडे?

आम्ही थेरपिस्टना विचारून ठरवलं ते असं:

गृहपाठ पानांवर नाही, वेळेवर. एका विषयाला ३० मिनिटं, घड्याळ लावून, वेळ झाली की जिथे असेल तिथे वही बंद आणि खाली पालकांची सही. अपूर्ण म्हणून शेरा नाही. आधी रात्री साडेअकरापर्यंत बसायची, हे एक केल्यावर पहिल्या आठवड्यात झोप परत आली.

पेन्सिल-रबर बंद, पेन. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. बाईंनी अख्ख्या वर्गाला सांगितलं की एका रेघेने खोडलेलं चालेल, म्हणजे ती एकटी पडली नाही. पहिल्या दिवशी ती रेघ मारून रडली. बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि फळ्याकडे वळल्या, तिला बरोबर-चूक काही सांगितलं नाही, त्यांना ते किती जड गेलं असेल मला माहीत आहे.

प्रश्नांची चिठ्ठी. प्रत्येक तासाला दोन चिठ्ठ्या, एक चिठ्ठी म्हणजे "बरोबर आहे ना" एकदा विचारायची परवानगी. दोन संपल्या की संपलं. महिन्याने एक, मग शून्य. धड्यातली खरी शंका विचारायला चिठ्ठी लागत नाही, हे स्पष्ट ठेवा नाहीतर मूल अभ्यासाचंही विचारायचं सोडतं.

बाथरूमचं असंच. एकदम बंदी घालू नका, एकदम मोकळीकही नको. आमच्याकडे हे नव्हतं पण थेरपीच्या ठिकाणी भेटलेल्या एका मुलाला दिवसाला चार कार्डं दिली होती, प्रत्येक वेळी पाच मिनिटं, आणि दर दोन आठवड्यांनी एक कार्ड कमी.

बसायची जागा पुढे, पण वेगळा बाक नाही. फळ्यावरचं राहिलं तर फोटो किंवा मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स, म्हणजे उतरवण्यात मधली सुट्टी जाणार नाही. फार त्रास होईल तेव्हा पाच-दहा मिनिटं ऑफिसशेजारच्या खोलीत बसायचं आणि परत वर्गात यायचं. घरी पाठवायचं नाही. हे शेवटचं अर्जात ठळक लिहा, कारण शाळा काळजीने पहिला फोन घरी करते, आणि दोन-तीनदा घरी आलं की शाळेत जाणंच बंद व्हायला लागतं. घरी बसवून बाहेरून परीक्षा द्यायची हा सल्ला आम्हालाही मिळाला होता. घेतला नाही याचं समाधान आहे.

प्रत्येक सोयीपुढे तारीख लिहा, कधी कमी करायची ती.

६. घरी आणि शाळेत एकच वाक्य

तिने विचारलं, "बाबा, नक्की ना आईला काही होणार नाही?" तर मी म्हणायचो नाही गं राणी, काही होत नाही. आई वेगळं सांगायची, आजी तिसरंच, शाळेत बाई चौथं. प्रत्येक उत्तर प्रेमाचं आणि प्रत्येक उत्तर आजाराला खाऊ घालणारं.

थेरपीत मुलाला आजाराला नाव द्यायला सांगतात. तिने ठेवलं "टोचणी". मग सगळ्यांनी एकच वाक्य ठरवलं: "हे टोचणी विचारतेय, तुला येतं." एवढंच. हसत नाही, चिडत नाही, दुसरं वाक्य जोडत नाही. बाईंच्या टेबलाच्या खणात ते चिठ्ठीवर लिहून ठेवलं, पीटीच्या सरांना आणि क्लासच्या सरांनाही दिलं. पहिले दहा-बारा दिवस प्रश्न वाढतात, आवाज चढतो, शिक्षकांना वाटतं आपण क्रूर वागतोय. हे असं होणार हे त्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळे जुन्या उत्तरावर येतात.

शिक्षकांनी टाळायची वाक्यं पण कागदावर द्या, आम्ही दिली: "एवढं काय त्यात", "मनावर घेऊ नकोस", "नाटकं बंद कर", "बघा ही किती स्वच्छ आहे". शेवटचं कौतुक वाटतं, पण ते सगळ्यात जास्त लागतं.

कौतुक करायचंच तर थांबल्याबद्दल करा, हळू आवाजात. आज एकदाच लिहिलंस, बघितलं मी.

७. वर्गातल्या मुलांचं काय

मुलं बघतात. सांगितलं नाही तर स्वतःच अर्थ लावतात. मुद्दाम हात लावून "विटाळ विटाळ" म्हणून पळणं हा खेळ झाला होता आमच्याकडे, आणि एका शिक्षकांनी ते थांबवण्यासाठी भर वर्गात तिचा आजार सांगून टाकला, तिच्यासमोर. त्यांचा हेतू चांगला होता, पण ती चार दिवस शाळेत गेली नाही.

काय सांगायचं, कुणी सांगायचं, तेव्हा मुलाने वर्गात असायचं का नाही, हे मुलालाच विचारून ठरवा. माझ्या मुलीने फक्त दोन मैत्रिणींना सांगितलं, स्वतः, "मला कधी कधी एकच गोष्ट परत परत करावीशी वाटते, औषध चालू आहे, तुम्ही थांब म्हणू नका, फक्त बरोबर चला." वर्गाला बाईंनी नाव न घेता सांगितलं की कुणाच्या सवयीवरून चिडवलं तर ती माझ्याकडची तक्रार असेल. चिडवणं चालूच राहिलं तर तारखेसकट लिहून परत अर्ज द्या, आवक नंबर घ्या.

८. परीक्षा

पालकांना वाटतं जादा वेळ मिळाला की प्रश्न सुटला. तपासत बसणाऱ्या मुलाला जादा वेळ म्हणजे तपासायला जादा वेळ. सातवीच्या सहामाहीत शाळेने तिला अर्धा तास वाढवून दिला आणि तिने तो पूर्ण पहिल्या प्रश्नावर घालवला. म्हणून थेरपिस्टशी बोलून ठरवा. ज्या मुलाचा वेळ वाचताना अडकण्यात किंवा विचारांशी झगडण्यात जातो त्याला तो खरंच लागतो. तो कसा वापरायचा हे मात्र आधी घरी शिकवावं लागतं.

आम्ही घरी जुने पेपर घड्याळ लावून सोडवले. प्रत्येक प्रश्नापुढे मिनिटं लिहायची, मिनिटं संपली की पुढच्या प्रश्नावर, मागे वळून एकदाच बघायचं आणि तेही शेवटच्या दहा मिनिटांत. पर्यवेक्षक ओळखीचे असतील तर ते बाकावर एकदा बोट टेकवतात, म्हणजे "पुढे जा". बोलायचं काही नाही. गोल काळे करायच्या ओएमआर शीटवर ही मुलं एका गोलात पाच मिनिटं घालवतात, शिष्यवृत्तीला बसवणार असाल तर झेरॉक्सवर सराव करून घ्या आणि गोल थोडा बाहेर गेलेला तसाच सोडायचा हाही सरावच.

लेखनिक घेण्याची घाई नको. लिहायची भीती थेरपीने जाऊ शकते, लेखनिकाने ती फक्त झाकली जाते. पण हात खरंच चालत नसेल आणि परीक्षा तोंडावर असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही.

९. दहावी-बारावी आणि दिव्यांग प्रमाणपत्र

शाळेच्या पातळीवरच्या परीक्षांना बऱ्याचदा डॉक्टरांचं पत्र पुरतं. बोर्डाला पत्रावर काम होत नाही, तिथे प्रमाणपत्र मागतात. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज करायचा, मग जिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी डॉक्टरांचं बोर्ड बसतं तिथे मुलाला घेऊन जायचं. मानसिक आजाराचं मोजमाप आयडियाज नावाच्या पद्धतीने होतं: स्वतःचं स्वतः करता येणं, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, विद्यार्थ्यासाठी काम म्हणजे अभ्यास, शिवाय आजार किती काळ आहे ते. तिथे मूल टापटीप कपड्यांत बसून नीट उत्तरं देतं आणि डॉक्टरांना काही दिसत नाही, म्हणून डायरी, वह्या आणि शाळेचं पत्र बरोबर हवंच.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर बोर्डाच्या सवलतींचा रस्ता सरळ होतो, जादा वेळ साधारण तासाला २० मिनिटं, सीबीएसईतही ३ तासांच्या पेपरला ६० मिनिटं. सौम्य ओसीडीत ४० टक्के येतीलच असं नाही. तेव्हा सोडून देऊ नका. विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलंय की ४० टक्के नाहीत एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येत नाही. शाळेमार्फत लेखी मागणी करा. अर्ज शाळेतून विभागीय मंडळाकडे जातो, आमचं कोल्हापूर. नववीतच सुरुवात करा, दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ केली तर बोर्डाची तारीख, डॉक्टरांची रजा आणि शाळेची सुट्टी यात सगळं अडकतं. मानसिक आजाराचं प्रमाणपत्र पुष्कळदा मुदतीचं मिळतं, संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रमाणपत्र काढायचं का नाही यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली, मुलीच्या नावापुढे कायमचं काही लागेल का ही भीती. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली लागलं तर काढू, आत्ता नको. तिला आता गरज इतकी कमी आहे की आम्ही थांबलोय, कागद मात्र तयार आहेत.

१०. महिन्याला आढावा, आणि दर जूनला परत पहिल्यापासून

महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांशी दहा मिनिटं. कुठली सोय कमी करायची, कुठली तशीच. वर्गशिक्षकांना आठवड्याला तीन खुणांचा कागद भरायला सांगा, यापेक्षा जास्त लिहायला सांगितलं तर भरला जात नाही. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीनंतर, परीक्षेच्या आधी, घरात आजारपण किंवा बदली असेल तेव्हा त्रास वर येतो, हे धरूनच चाला आणि त्या आठवड्यांत नवीन काही कमी करू नका.

जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात आणि सगळं शून्यावर येतं. म्हणून एप्रिलमध्येच जुन्या बाईंकडून नव्या शिक्षकांसाठी एक पान लिहून घ्या: काय दिसतं, काय बोलायचं, काय बोलायचं नाही, आत्ता कुठल्या सोयी चालू आहेत आणि अडचण आली तर पहिला फोन कुणाला. एकच पान, पाठपोट नाही. शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात जाऊन हातात द्या, मूल बरोबर असेल तर आणखी चांगलं, नवीन चेहरा आणि नवीन वर्ग दोन्ही एकाच दिवशी नकोत.

नववीचं पान यावर्षी मुलीनेच लिहिलं, आम्ही फक्त फोन नंबर घातला. "बाई मला उत्तर देऊ नका" या ओळीत एक शब्द चुकला होता, त्यावर तिने एक आडवी रेघ मारून पुढे बरोबर शब्द लिहिलाय. दुसरं पान घेऊ का असं मी विचारलं नाही, तिनेही घेतलं नाही, ते तसंच नव्या सरांना दिलं.